साइट बंद करणं हे शेवटचं काम, आधी मूल शोधायचं असतं

गुहागरच्या एका ताईंनी विचारलंय की मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचे व्हिडिओ दाखवणारी किडफ्लिक्स नावाची साइट युरोपातल्या पोलिसांनी बंद केली असं वाचलं, तर बंद केली म्हणजे नेमकं काय केलं, आपल्याकडच्या एखाद्या वाडीत बसलेल्या माणसापर्यंत परदेशातले पोलिस पोचतात कसे, आणि एक बंद केली की दुसरी निघतेच, मग एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय. तिन्ही प्रश्न बरोबर आहेत. मी पोलिसात होतो, शेवटची ९ वर्षं सायबरला काढली, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्हीकडे. आता रिटायर आहे त्यामुळे जरा मोकळं लिहिता येतं, पण केसमधली गावं, वर्षं, नाती मी मुद्दाम गाळतोय, कारण मुलाची ओळख पटेल असं काहीही जाहीर करणं पोक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून जपणाऱ्या कायद्याच्या, कलम २३ खाली गुन्हा आहे आणि कोकणात तालुक्याचं नाव सांगितलं तरी अर्ध्या लोकांना घर कळतं.

सुरुवातीलाच एक सांगतो. ह्या प्रकाराला चाइल्ड पॉर्न म्हणू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलं की हा शब्द वापरू नये, बाल लैंगिक शोषणाचं साहित्य म्हणावं, आणि मला ते शंभर टक्के पटतं, कारण प्रत्येक फोटोमागे एक खरं मूल असतं आणि त्या मुलावर प्रत्यक्षात झालेल्या गुन्ह्याचा तो पुरावा असतो. त्याच निकालात असंही आहे की नुसतं जवळ ठेवणं, बघणं हाही गुन्हा धरला जातो. "मी फक्त बघितलं" हे आता चालत नाही.

आता पोचतात कसे ते. बहुतेक वेळा सुरुवात अमेरिकेतून होते. तिकडच्या कायद्याने फेसबुक, इन्स्टा, गूगल, व्हॉट्सॲप अशा कंपन्यांना असं काही सापडलं तर हरवलेल्या आणि शोषण झालेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एनसीमेक नावाच्या संस्थेला कळवावंच लागतं. त्यांची सायबर टिपलाइन १९९८ पासून चालू आहे आणि २०२३ या एका वर्षात तिथे ३ कोटी ६० लाखांहून जास्त रिपोर्ट आले, म्हणजे किती ते बघा. कंपन्यांना सापडतं कसं, तर सगळे फोटो माणसं बसून बघत नाहीत. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि प्रोफेसर हॅनी फरीद यांनी फोटोडीएनए म्हणून एक पद्धत काढली, त्यात आधीच माहीत असलेल्या फोटोचा एक प्रकारचा ठसा काढून ठेवतात आणि नवीन अपलोड होणारा प्रत्येक फोटो त्या ठशांशी ताडून बघतात. फोटो लहान केला, थोडा कापला, रंग बदलला तरी बहुतेक वेळा ओळखला जातो. आपण पावसात इरलं घेतलेला माणूस लांबून नुसत्या चालीवरून ओळखतो ना, तोंड दिसावं लागत नाही, तसंच.

मग एनसीमेक बघते की आयपी, म्हणजे इंटरनेट कनेक्शनचा पत्ता, कुठल्या देशाचा आहे. भारताचा असेल तर २०१९ मध्ये एनसीआरबीने, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाने, त्यांच्याशी करार केलाय, त्यामुळे तो रिपोर्ट दिल्लीला एनसीआरबीकडे येतो, तिथून महाराष्ट्र सायबरला, तिथून जिल्ह्याला, आणि जिल्ह्यातून त्या पोलिस स्टेशनला ज्याच्या हद्दीत तो मोबाइल नंबर किंवा वायफायचं कनेक्शन निघेल. म्हणजे कॅलिफोर्नियातल्या एका कॉम्प्युटरने धरलेली गोष्ट शेवटी एका हवालदाराच्या हातात कागद म्हणून पडते आणि त्याला पावसाळ्यात चिखलातून कुठल्यातरी वाडीत जाऊन दार वाजवायचं असतं. ह्या सगळ्या साखळीत सगळ्यात कच्ची कडी तीच असते असं माझं ठाम मत आहे. परदेशी पोलिस, मोठी सॉफ्टवेअर, सगळं बरोबर चालतं आणि मग शेवटच्या ५ किलोमीटरमध्ये केस पडते.

माझ्याच हातून झालेली चूक सांगतो. ह्या रिपोर्टमधली वेळ यूटीसीमध्ये असते, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. एका रिपोर्टमध्ये आम्ही ती वेळ तशीच उचलून मोबाइल कंपनीला पाठवली की या वेळेला हा आयपी कोणाकडे होता. एकच आयपी दिवसभरात कितीतरी लोकांकडे फिरतो, त्यामुळे कंपनीने जे नाव दिलं ते साडेपाच तासांनी चुकलेलं नाव होतं. आम्ही सकाळी सकाळी त्या घरी गेलो, पंच घेऊन, तीन फोन आणि एक लॅपटॉप जप्त केला, बाहेर अख्खी वाडी जमली. घरातली म्हातारी दारात उभी राहून परत परत म्हणत होती, "ह्या असला काय नाय हो आमच्या घरात." आणि ती खरं बोलत होती. फोनमध्ये काहीच निघालं नाही आणि मग कुणाच्यातरी लक्षात आलं की वेळ बदललीच नव्हती. आम्ही जाऊन माफी मागितली, पण त्या घरातला माणूस पुढचं वर्षभर बाजारात खाली मान घालून चालायचा आणि वाडीतले लोक "काहीतरी असेलच" म्हणत राहिले. त्यानंतर मी नियम केला की कंपनीला पत्र जायच्या आधी दोन वेगवेगळ्या माणसांनी वेळेचं गणित करायचं आणि दोघांनी सही करायची. आणि धाडीला जाताना साध्या कपड्यात, साध्या गाडीने, घरात शाळकरी मूल असेल तर ते शाळेत गेल्यावर.

पण टिपलाइनचे बहुतेक रिपोर्ट हे जुने, फिरत असलेले फोटो पुढे पाठवणाऱ्यांचे असतात. खरी अवघड गोष्ट म्हणजे नवीन फोटो, जो याआधी कुठेच दिसलेला नाही, कारण त्याचा अर्थ कुठेतरी आत्ता, ह्या आठवड्यात, एका मुलावर अत्याचार चालू आहे. इथे इंटरपोलचा डेटाबेस कामाला येतो, आयसीएसई, २००९ ला सुरू झाला, भारत त्यात २०२२ मध्ये सीबीआयमार्फत जोडला गेला. त्यात वेगवेगळ्या देशांचे तपास अधिकारी बघतात की हे मूल दुसऱ्या कुठल्या देशाने आधीच शोधलंय का, म्हणजे दोनदा तेच काम नको, आणि शोधलं नसेल तर फोटोत मागे काय काय आहे ते एकमेकांना विचारतात. विजेच्या बोर्डाची पद्धत, पलंगावरच्या चादरीची नक्षी, शाळेचा गणवेश, औषधाची बाटली, व्हिडिओत मागे ऐकू येणारा फेरीवाला. युरोपोलने तर २०१७ पासून फोटोतल्या नुसत्या वस्तू लोकांसमोर ठेवल्यात, मूल पूर्ण काढून टाकलेलं असतं, फक्त एक पिशवी किंवा टोपी किंवा खिडकीबाहेरचा देखावा, आणि विचारतात की कुणी ओळखतं का. कुणीही जाऊन बघू शकतं.

मला एकदा वरून असाच एक तुकडा आला. मूल कापून काढलेलं, फक्त मागची भिंत आणि जमिनीचा कोपरा. विचारलं होतं, ही भिंत तुमच्याकडची वाटते का. भिंत चिऱ्याची होती, पण चिरा काय आपल्यापासून खाली केरळपर्यंत सगळीकडे सापडतो, तेवढ्यावर काही ठरत नाही. मी तो फोटो दोन दिवस बघत होतो. कोपऱ्यात जाळ्याचा ढीग होता आणि त्याच्या मागे निळ्या प्लास्टिकच्या क्रेटवर ऑइलपेंटने लिहिलेली मराठीतली तीन अक्षरं, बाकीचं नाव जाळ्याखाली गेलेलं. आपल्याकडे क्रेटवर होडीचं नाव लिहायची पद्धत आहे, लिलावाला एकमेकांचे क्रेट मिसळू नयेत म्हणून, हे दिल्लीत बसलेल्या माणसाला कुठून माहीत असणार. मग मत्स्यव्यवसाय खात्याकडची परवान्याची यादी काढली, त्या तीन अक्षरांनी सुरू होणाऱ्या होड्या वेगळ्या केल्या, देवांची नावं सगळी, त्यामुळे बऱ्याच निघाल्या, आणि एकेक बंदर करत गेलो. मूल सापडलं. याच्या पुढचं मी लिहिणार नाही. एवढंच सांगतो की ज्या माणसाने ते फोटो काढले होते तो बाहेरचा कुणी नव्हता, आणि त्या मुलाने आधी दोनदा घरच्यांना सांगायचा प्रयत्न केला होता.

असे छोटे धागेच मोठमोठ्या केसेस फोडतात. २०१४ ची ऑस्ट्रेलियाची केस आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवली जायची. लपलेल्या नेटवरचा एक मोठा अड्डा चालवणारा माणूस लोकांना हॅलो म्हणताना एक जरा विचित्र शब्द वापरायचा. क्वीन्सलंड पोलिसांच्या आर्गोस पथकाने तोच शब्द साध्या इंटरनेटवर शोधायला घेतला आणि गाड्यांच्या गप्पांमध्ये तसंच बोलणारा एक माणूस सापडला, पुढे त्याच्या बोटावरचा एक ठिपका फोटोतल्या बोटाशी जुळला. आईबापांपासून वेगळ्या ठेवलेल्या मुलांची काळजी घेणारा तो सरकारी कर्मचारी होता. पकडल्यावर पोलिसांनी त्याच्याच नावाने तो अड्डा पुढे चालू ठेवला आणि त्यातून दुसऱ्या देशांतले गुन्हेगार हाताला लागले. त्याच्याही आधी, २००७ मध्ये, एका माणसाने स्वतःचा चेहरा भोवऱ्यासारखा फिरवून फोटो टाकले होते, जर्मन पोलिसांनी तो भोवरा उलटा फिरवून चेहरा परत मिळवला, इंटरपोलने पहिल्यांदाच जगभर जाहीर आवाहन केलं आणि ११ दिवसांत तो थायलंडमध्ये पकडला गेला. शिक्षक होता. बघा, परत मुलांजवळचाच माणूस.

दुसरा धागा पैशाचा. दक्षिण कोरियातून चालणारी वेलकम टू व्हिडिओ नावाची साइट बिटकॉइन घ्यायची, आणि लोकांना वाटतं बिटकॉइन म्हणजे नावच नाही, कोण पकडणार. उलट आहे. बिटकॉइनचा प्रत्येक व्यवहार कायमचा लिहिलेला असतो, वही सगळ्यांसमोर उघडी असते, फक्त खातं कोणाचं ते शोधावं लागतं. ते शोधलं अमेरिकेच्या इन्कम टॅक्सवाल्यांनी. साइटचा सर्व्हर एका तरुणाच्या घरात निघाला, २०१८ ला तो अटक झाला, २०१९ पर्यंत ३८ देशांत ३३७ लोक पकडले गेले आणि २३ मुलं वाचवली गेली. आणि त्या चालवणाऱ्याला तिकडच्या कोर्टाने शिक्षा किती दिली, तर दीड वर्ष. अमेरिकेच्या ताब्यात द्यायलाही नकार दिला. मला अजून ते वाचलं की संताप येतो. पकडणं ही एक गोष्ट आणि कायदा पुरेसा कडक असणं ही दुसरी, आणि सीमेपलीकडे तुमचा कायदा चालत नाही.

बंद करणं म्हणजे काय, हा ताईंचा मूळ प्रश्न. सर्व्हर हातात आला की पहिल्यांदा तो बंद करत नाहीत, त्याची हुबेहूब कॉपी करतात, कारण त्यात लॉग, म्हणजे कोण कधी आलं याच्या नोंदी असतात, मेसेज असतात, कोणी काय अपलोड केलं ते असतं. मग नावं त्या त्या देशांना वाटतात आणि शक्यतो सगळीकडे एकाच वेळी धाडी घालतात. १९९८ मध्ये वंडरलँड नावाच्या टोळीवर असंच केलं होतं, डझनभर देशांत एकाच वेळी, कारण एकाच्या दारात पोलिस आले हे बाकीच्यांना कळलं की तासाभरात सगळं पुसलं जातं. किडफ्लिक्सचा तपास २०२२ पासून चालू होता, बव्हेरियाचे पोलिस पुढे होते, ११ मार्च २०२५ ला सर्व्हर ताब्यात घेतला आणि ३५ हून जास्त देश त्यात होते. साइटवर १८ लाख लोक येऊन गेले होते. ओळख पटली १,३९३ जणांची, अटक ७९. हे आकडे बघून निराश व्हायला होतं, मी समजू शकतो. पण त्याच बातमीत आणखी एक आकडा होता जो कुणी मोठ्या अक्षरात छापला नाही, ३९ मुलं सुरक्षित केली. मी हा आकडा आधी बघतो.

मधे एक वादाची गोष्ट आहे. काही वेळा पोलिस साइट ताब्यात घेऊन स्वतः काही दिवस चालवतात. एफबीआयने २०१५ मध्ये प्लेपेन नावाची साइट सुमारे दोन आठवडे चालवली, आर्गोसने दुसरी एक साइट ११ महिने चालवली. त्याशिवाय खऱ्या अत्याचार करणाऱ्यांपर्यंत पोचता आलं नसतं हे मला मान्य आहे, पण ११ महिने पोलिसांच्या सर्व्हरवरून त्या मुलांचे फोटो फिरत राहिले हेही खरं आहे, आणि त्यातल्या एखाद्या मुलाने मोठं झाल्यावर विचारलं तर उत्तर काय देणार. मला दोन आठवडे समजतात, ११ महिने पचत नाहीत. माझ्याबरोबर काम केलेले काही चांगले अधिकारी याच्या अगदी उलट मताचे आहेत.

अजून एक गैरसमज, इंटरपोलचे लोक येऊन धरतात. इंटरपोल कुणाला अटक करत नाही, निरोप आणि माहिती पोचवतं. आपल्याकडे इंटरपोलचं दार म्हणजे सीबीआय, त्यांचं ऑनलाइन बाल शोषणाचं वेगळं युनिट २०१९ पासून आहे, आणि जानेवारी २०२५ पासून भारतपोल नावाचं पोर्टल आलंय त्यामुळे राज्य पोलिसांची पत्रं पूर्वीसारखी फायलीतून फिरत नाहीत. सप्टेंबर २०२२ चं ऑपरेशन मेघचक्र आठवत असेल, देशभर धाडी पडल्या होत्या, त्याची मूळ माहिती न्यूझीलंड पोलिसांची, इंटरपोलच्या सिंगापूर ऑफिसमधून आलेली. पण कोर्टात चालेल असा पुरावा परदेशातून अधिकृतपणे मागवायचा तर दोन देशांतल्या कराराने जावं लागतं आणि त्यात महिने, कधी वर्षं जातात, तोपर्यंत डेटा पुसला जाऊ नये म्हणून आधी "जपून ठेवा" असं पत्र टाकावं लागतं. ते पत्र वेळेत टाकलं नाही म्हणून हातातून गेलेल्या केस मी बघितल्यात.

आणि हे सगळं इंटरनेटमुळे आलं असं समजू नका. आपल्याच किनाऱ्यावर बघा. मडगावला अनाथाश्रम चालवणारा फ्रेडी पीट्स १९९१ मध्ये पकडला गेला, १९९६ ला शिक्षा झाली, त्याच्याकडे येणारे परदेशी होते आणि त्यातल्या एकाला कित्येक वर्षांनी ऑस्ट्रेलियातून आणावं लागलं. अँकरेज शेल्टर कुलाब्याला होतं आणि आपल्या मुरुडलाही होतं, रस्त्यावरच्या मुलांना आसरा म्हणून, चालवणारे दोन ब्रिटिश. त्यातल्या एकाला अमेरिकेत पकडून आणलं, खालच्या कोर्टात शिक्षा, हायकोर्टात सुटका, आणि शेवटी २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्षा परत कायम केली. मुलं तोपर्यंत मोठी झाली होती. दोन्हीकडे गावाला ते देवमाणूस वाटत होते, फुकट जेवण, फुकट शाळा. गोव्याने यातून २००३ मध्ये स्वतंत्र बाल कायदा केला, त्यात हॉटेलच्या खोलीत मूल जाऊ द्यायचं तर ते कुटुंबासोबत किंवा नातेवाइकासोबत नोंद झालेलं असलं पाहिजे असं आहे. आपल्याकडे मालवण, तारकर्ली, दिवेआगर, गणपतीपुळ्याला घरोघरी होमस्टे झालेत, रजिस्टरमध्ये मोठ्यांची आधार कार्डं घेतात पण बरोबरच्या मुलाचं नाव आणि नातं कितीजण लिहितात? एक रकाना वाढवायचा आहे फक्त. मी स्वतः काही मालकांशी बोललोय, कुणी वाईट मनाचं नसतं, गिऱ्हाइकाला विचारायला संकोच वाटतो एवढंच.

तर दुसरी साइट निघते का, हो निघते. पण प्रत्येक सर्व्हरमधून मुलांचे चेहरे मिळतात, आणि एक मूल सापडलं की त्याच्यावर चाललेला अत्याचार त्या दिवशी थांबतो. मी कामाची बेरीज तशीच करत आलो.

आता तुमच्या हातात काय, कारण ताईंच्या प्रश्नात शेवटी असंही होतं की त्यांच्या भावकीच्या एका ग्रुपवर "ह्या नराधमाला पकडा, शेअर करा" म्हणून एका मुलीचा व्हिडिओ फिरतोय. ताई, तो पुढे पाठवू नका, चांगल्या हेतूने पण नाही, ओळखीच्या पोलिसाच्या व्हॉट्सॲपवर पण नाही, पाठवणं हाच गुन्हा आहे आणि त्या मुलीवर परत तोच अत्याचार आहे. स्क्रीनशॉट काढू नका. ग्रुपवर "डिलीट करा रे" म्हणून भांडत बसू नका, टाकणारा सावध होतो. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर स्वतःचं नाव न देता तक्रार करता येते, नाहीतर १०९८ किंवा ११२ ला फोन करा, आणि फोनमधल्या व्हिडिओचं काय करायचं ते तक्रार देतानाच विचारून घ्या. कळूनही गप्प बसणं पोक्सोखाली गुन्हा आहे हेही घरच्यांना सांगा, कारण "आपल्याला काय करायचंय" म्हणणारं कुणीतरी असतंच. तुमच्या घरातलंच मूल "तुझा फोटो पसरवतो" अशा धमकीत अडकलं असेल तर फोन काढून घेऊन मारू नका, धमकी देणाऱ्याचं चॅट पुसू नका, पैसे देऊ नका, आणि मुलाचा फोटो पसरू नये म्हणून एनसीमेकची टेक इट डाउन ही फुकट सोय आहे, त्यात फोटो कुणालाही द्यावा लागत नाही, ठसा तुमच्याच फोनवर तयार होतो आणि तेवढाच जातो.

तक्रार करताना एका कागदावर ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि मिनिटासकट वेळ लिहून ठेवा. वेळेपुढे "भारतीय वेळ" असं स्पष्ट लिहा.